सहा मिलिमीटर

दुसऱ्या खेपेला आला तेव्हा प्रल्हाद सपकाळ चौदा नंबर खोलीच्या दारातच उभा राहिला.

"आत या ना," मी म्हणालो.

"डाक्टर सायब हायेत का?"

"आहेत. पलीकडे पेशंट बघतायत."

त्याने मागे वळून पाहिलं. व्हरांड्यातल्या बाकावर त्याची बायको इंदू बसली होती, मांडीवर चार वर्षांची मुलगी झोपलेली. तो आत आला, दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "थे परत सुरू झालं जी."

"मधे पूर्ण गेलं होतं ना?"

"कमी झालं होतं. आठ-धा दिवस बरं वाटलं. पन सकायी थोडं राहेच. मले वाटलं, जाईन हळूहळू."

हे त्याचं बोलणं मला आज शब्दन् शब्द आठवतं. तेव्हा मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

ही गोष्ट १९९९ सालच्या मार्चमधली. मी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. चौदा नंबर म्हणजे त्वचा आणि गुप्तरोग. एका बाजूला डॉ. देवपुजारींची खोली, दुसऱ्या बाजूला माझी लॅब, मधे प्लायवूडचं पार्टिशन. एक मायक्रोस्कोप, एक बर्नर, जंतू वाढवायची उबदार पेटी आणि मी. वय सव्वीस.

प्रल्हाद पहिल्यांदा आला होता तीन आठवड्यांपूर्वी. तो बोअरवेलच्या गाडीवर कामाला होता. वर्षातले नऊ-दहा महिने गाडी कर्नाटकात आणि आंध्रात फिरायची. तिकडेच एका गावी बरोबरच्या माणसांसोबत एका बाईकडे गेला आणि घरी आला तो परमा घेऊन. लघवीला आग, पू. काचपट्टीवर मला जोडीजोडीचे जंतू स्वच्छ दिसले. देवपुजारी सरांनी त्याला सिप्रोची गोळी समोर घ्यायला लावली आणि नेहमीप्रमाणे सांगितलं, "बायकोला घेऊन ये. तिलाही गोळी द्यावी लागेल."

सगळे पुरुष याला हो म्हणायचे आणि बायकोला कधी आणायचे नाहीत. प्रल्हाद चौथ्या दिवशी इंदूला घेऊन आला. तिला त्याने सगळं सांगितलं होतं. ती खाली मान घालून आली, गोळी घेतली, एक शब्द न बोलता गेली. जाताना प्रल्हाद मला म्हणाला, "म्या आता गाडीवर जात नाही जी. कापसाच्या जिनिंगवर लागलो. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शप्पत घेतली." त्या दिवशी घरी जाऊन मी माझ्या बायकोला त्याच्याबद्दल सांगितलं होतं, नाव न घेता. म्हटलं, नोकरीला लागल्यापासून असा माणूस बघितला नाही.

आणि आता तोच माणूस परत आला होता, तीच तक्रार घेऊन.

मी काचपट्टी केली. मायक्रोस्कोपखाली बघितलं. जंतू होतेच. कागदावर तसं लिहून मी तो देवपुजारी सरांच्या टेबलावर ठेवला, प्रल्हादला समोर उभं केलं आणि तिथेच थांबलो.

"कधी गेला होतास?" सरांनी मान वर न करता विचारलं.

"गेलोच नाही सायब."

"सपकाळ, सत्तावीस वर्षं मी हेच बघतोय. गेला असशील तर गेलो म्हण. मी कुणाला सांगायला जात नाही."

"माह्या पोरीची शप्पत."

"पोरीला मधे आणू नकोस. गोळी माझ्यासमोर घेतलीस ना? बायकोनंही घेतली. त्या गोळीनं दोन दिवसांत हा रोग जातो. तो गेला. मग परत आला कुठून?"

"थे मले नाही समजत सायब. म्या गावातून हाललो नाही. जिनिंगवर जातो अन् घरी येतो."

सर वाईट माणूस नव्हते. दिवसाला ऐंशी पेशंट बघायचे, जेवायला दोन वाजायचे, आणि गुप्तरोगाच्या पेशंटला कधी तुच्छतेनं वागवलेलं मी पाहिलं नाही. पण त्यांनी हजारो वेळा हेच ऐकलं होतं. केसपेपरवर त्यांनी 'पुन्हा लागण' असं लिहिलं, त्यापुढे 'पेशंट नाकारतो', आणि या वेळी दोन-दोन गोळ्या लिहून दिल्या. त्याला आणि तिलाही.

"हिवराळे," ते मला म्हणाले, "याची प्लेट लावा. मुंबईवाल्यांना पाहिजे असते ना."

मुंबईवाले म्हणजे एका मोठ्या लॅबचा प्रकल्प होता. ठिकठिकाणच्या परम्याच्या जंतूंवर कोणतं औषध चालतं आणि कोणतं चालेनासं झालंय, याच्यावर त्यांना नजर ठेवायची होती. मला दहा दिवसांचं प्रशिक्षण देऊन त्यांनी एक खोकं दिलं होतं. पेशंटच्या पुवातले जंतू प्लेटवर वाढवायचे आणि वर औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, गोल मोकळी जागा राहते. ती पट्टीनं मोजायची, रजिस्टरात लिहायची, महिनाअखेरीला मुंबईला पाठवायची.

सांगायला सोपं. पण हे जंतू मोठे नाजूक. थंडी लागली की मरतात, सुकले की मरतात. त्यांना रक्त घालून शिजवलेलं खाद्य लागतं. प्लेट काचेच्या बरणीत ठेवायची, आत मेणबत्ती पेटवून झाकण लावायचं, आतल्या हवेतला प्राणवायू कमी होऊन, कार्बन डायऑक्साइड वाढून मेणबत्ती विझली की मगच त्यांना मानवतं. आणि ती बरणी सतत उबेत हवी. आमच्याकडे रोज चार तास वीज जायची. माझ्या अकरा प्लेटा एकामागून एक मेल्या होत्या. मुंबईहून एकदा पत्रही आलं होतं, तुमच्या केंद्राकडून एकही नमुना नाही म्हणून.

प्रल्हादची प्लेट बारावी. या वेळी मी वीज गेली की बरणी लोकरीच्या शालीत गुंडाळून गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवायचं ठरवलं.

प्लेट लावून मी हात धुवायला बाहेरच्या नळावर गेलो. तिथे इंदू मुलीचं तोंड पुसत होती. मला बघून तिने पदर सारखा केला.

"भाऊ, एक इचारू का?"

"विचारा."

"तुमी त्या मशीनमंदी पाहता नं?"

"हो."

"मंग त्यात काय दिसलं? थे परत गेल्ते का?"

मला माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं. तेच खरं होतं. किंवा सरांना विचारा म्हणून सुटका करून घेता आली असती. पण मला त्या क्षणी प्रल्हादचा राग आलेला होता. ज्याचं घरी कौतुक केलं त्याने मला फसवलं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. त्यात माझा काय संबंध, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

"ताई, गोळी घेतल्यावर हा रोग राहत नाही," मी म्हणालो. "तुम्ही घेतली, त्यांनीही घेतली. आता परत आला म्हणजे काय, ते तुम्हीच समजा."

तिने मुलीचं तोंड पुन्हा पुसलं. मग म्हणाली, "माह्यं पोट दुखते खालून. थे बी त्याच्यानंच का?"

"त्यानंच असेल. गोळ्या घ्या वेळेवर."

"बरं," ती म्हणाली. मुलीला कडेवर घेतलं आणि व्हरांड्याकडे गेली.

प्लेट जगली. तिसऱ्या दिवशी बरणी उघडली तर करड्या रंगाचे बारीक ठिपके दिसले. त्यातून नवी प्लेट केली, चकत्या ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी घेऊन बसलो. सेफ्ट्रियाक्सोन चाळीस. पेनिसिलीन दहा. सिप्रो सहा. मी आकडे सुवाच्य अक्षरात लिहिले, दोनदा मोजून खात्री केली. आमच्या केंद्राचा पहिला नमुना. शिपाई गंगारामला बोलावून ती प्लेट दाखवली. त्याला काही कळलं नाही, पण तो हसला.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास प्रल्हाद आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. प्लेट टेबलावरच होती, आमच्या दोघांच्या मधे.

"तिले काय सांगतलं तुमी?" त्याने विचारलं.

"कुणाला?"

"इंदूले. त्या दिवशी यष्टी स्टँडवर आलो तं म्हने, पानी घेऊन या. म्या पानी घेऊन आलो तं ती नाही. पोरीले घेऊन माहेरच्या गाडीत बसली. म्या मांगून गेलो वडगावले. तिच्या भावानं दारातून वापस केलं. म्हने, दवाखान्यातल्या मानसानं सांगतलं."

"मी जे खरं होतं तेच सांगितलं."

"काय खरं होतं?"

मी रजिस्टर पुढे ओढलं.

"म्या नाही गेलो, हे त्या मशीनमंदी नाही दिसत का?"

"मशीनमध्ये जंतू दिसतात. माणूस कुठं गेला नि कुठं नाही, ते त्यात दिसत नाही."

"मंग तिले कसं सांगतलं तुमी?"

त्याने आवाज चढवला नव्हता. खरोखर उत्तर हवं असल्यासारखं विचारलं होतं. त्याचीच मला चीड आली.

"हे बघा, माझं काम चाललंय. त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवा."

"त्रास हाये नं. दोन गोळ्या घेतल्या, तरी तसंच हाये."

"मग तेच सांगा त्यांना."

तो दार उघडून बाहेर गेला. मला वाटलं रांगेत बसला असेल. दुपारी सरांना विचारलं तर ते म्हणाले, सपकाळ आलाच नाही.

नंतर मी त्याला विसरलो, असं म्हणणं खरं होणार नाही. आठवण यायची. पण ती अशी, की एक माणूस होता, सुधारेल असं वाटलं होतं, सुधारला नाही.

जुलैत मुंबईहून डॉ. रेगे आल्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, कमी बोलणाऱ्या. तोपर्यंत शालीच्या युक्तीने माझ्या सात प्लेटा जगल्या होत्या आणि त्यांच्याकडून शाबासकी मिळेल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी माझ्या स्टुलावर बसून रजिस्टर उघडलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या.

"या सात जणांना औषध काय दिलंत?"

"सिप्रो. सगळ्यांना तेच देतो मॅडम."

"यातल्या पाच जणांचा सिप्रोचा आकडा सहा आहे. त्यांनाही?"

"प्लेट चौथ्या दिवशी वाचतो ना. गोळी पहिल्याच दिवशी दिलेली असते."

"बरोबर. मग हे लोक परत आले असतील."

"आले काही. पुन्हा लागण झालेले."

"पुन्हा लागण झाली, हे कुणी ठरवलं?"

मी वाकून तो आकडा पुन्हा वाचला.

सहा म्हणजे काय, हे मला माहीत होतं. चकतीच मुळात सहा मिलिमीटर रुंद असते. सहा लिहिलं म्हणजे तिच्याभोवती मोकळी जागा शून्य, जंतू अगदी तिच्या कडेला चिकटून वाढलेले. म्हणजे औषधाचा काही उपयोग नाही. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि मी पाठही केलं होतं. पण ते मुंबईच्या रजिस्टरसाठी होतं. व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या माणसाशी त्याचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता.

"हा पहिला," रेगे मॅडमनी प्रल्हादच्या ओळीवर बोट ठेवलं. "हा काय म्हणत होता?"

"म्हणत होता, कुठंही गेलो नाही."

"मधे पूर्ण बरा झाला होता का?"

"कमी झालं होतं म्हणाला. पूर्ण गेलं नव्हतं."

त्यांनी रजिस्टर मिटलं. रागावल्या नाहीत. "तो खरं बोलत असेल, नसेलही. ते तुम्हाला-मला कळायचं नाही. पण आपल्या गोळीनं तो बरा झालेला नव्हता, हे तुमच्याच अक्षरात इथं लिहिलेलं आहे. चार महिने झाले. सेफ्ट्रियाक्सोनचं एक इंजेक्शन पुरलं असतं."

मग त्या पार्टिशनच्या पलीकडे सरांकडे गेल्या. मला इकडे ऐकू येत होतं. बराच वेळ त्याच बोलत होत्या. नंतर सरांनी मला हाक मारली.

"गेल्या वर्षाची रजिस्टरं काढा, हिवराळे."

सर एकेक पान उलटत गेले. 'पुन्हा लागण, पेशंट नाकारतो.' 'पुन्हा लागण, पेशंट नाकारतो.' एका पानावर तीनदा होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एक माणूस रडला होता इथं," ते म्हणाले. "पोलीस होता. मी त्याला म्हणालो, नाटकं करू नको." आणि चष्मा पुन्हा चढवून, "यातले किती सापडतील?"

"पत्ते आहेत सर. थोडे खरे असतील."

"सपकाळपासून सुरू करा. तुम्ही स्वतः जा."

प्रल्हादच्या गावी, पिंपळखेडला, त्याचा थोरला भाऊ भेटला. प्रल्हाद एप्रिलमध्येच पुन्हा बोअरच्या गाडीवर निघून गेला होता. गाडी कुठे आहे, कुणाला ठाऊक नव्हतं. "गावात तोंड दाखवाले जागा राह्यली नाही त्याले," भाऊ म्हणाला. "जिनिंगवरची पोरं रोज चिडवत. तुमचं काय काम होतं?" दवाखान्याचं काम आहे, आला की पाठवा, एवढंच मी सांगितलं.

तिथून वडगावला गेलो. इंदू माहेरी खाटेवर पडून होती. मार्चमध्ये पाहिलेली बाई आणि ही, एकच आहे हे मला आधी ओळखू आलं नाही. गालफडं वर आलेली. मधे दोन वेळा ताप चढला होता, तालुक्याच्या डॉक्टरने सलाईन लावून पाठवून दिलं होतं. तिचा भाऊ रामेश्वर दारातच उभा होता.

"सरकारी दवाखान्यातून आलोय," मी म्हणालो. "ताईंना इंजेक्शन द्यायचंय. सिस्टरला बोलावून आणाल का?"

तो उपकेंद्राकडे गेला. मी खाटेजवळच्या पोत्यावर बसलो.

"पोरीचे बाबा मेले का?" इंदूने विचारलं.

"नाही, नाही. तसं काही नाही."

"मंग तुमी कायले आले?"

येताना एसटीत मी बरंच काही ठरवलं होतं. जंतू, औषध, चकती. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

"ताई, तुम्हाला दोघांना दिलेली गोळी त्या जंतूंवर चालत नव्हती. पहिलीही आणि दुसरीही. म्हणजे पहिल्यांदा झाला तोच आजार अंगात राहिला असेल. परत आला असं आम्हाला वाटलं. परत यायला तो गेलाच नसेल."

तिला समजलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगायला लागलो.

"समजलं," ती म्हणाली. "म्हंजे थे गेले नव्हते."

"ते मला माहीत नाही ताई. गेले होते असं म्हणायला काही आधार नव्हता, एवढं माहीत आहे."

"तवा तं माहीत असल्यासारखं सांगतलं."

"हो."

"म्या दोनदा इचारलं असतं. पन तुमी सरकारी मानूस. मले वाटलं, यायले कायले खोटं बोलाचं." तिने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. ऊन होतं, तरी तिला थंडी वाजत होती. "त्यायनं दारात उभं राहून भावाले सांगतलं, म्या नाही गेलो. म्या आतून आयकत होती. उठली नाही."

सिस्टर आली, इंजेक्शन दिलं. ती गेल्यावर इंदू म्हणाली, "लिहून देता का?"

"काय?"

"आता सांगतलं थे. आयतवारी आमच्याकडले लोक बसनार हायेत. फारकतीचं. म्या नुसतं तोंडानं सांगतलं तं कोन आयकनार?"

असा कागद द्यायचा मला अधिकार नव्हता. पेशंटचा आजार दुसऱ्या कुणाला लिहून देणं तर नियमातच बसत नव्हतं. तिला तोंडी सांगितलं तेव्हा मला एकही नियम आठवला नव्हता. मी बॅगेतून कागद काढला आणि लिहिलं, की अमुक तारखेच्या तपासणीत आढळलेल्या जंतूंवर दवाखान्याने दिलेली गोळी लागू पडत नव्हती, त्यामुळे आधीचाच आजार बरा झालेला नसावा. खाली सही केली, हुद्दा लिहिला. इंदू सातवीपर्यंत शिकलेली होती. तिने सावकाश वाचलं.

"यात थे गेले नव्हते असं नाही लिहलं."

"तसं मी लिहू शकत नाही ताई."

तिने कागदाची घडी केली आणि उशाखाली ठेवली. फारकत झाली नाही, एवढं मला पुढे गंगारामच्या एका नातेवाइकाकडून कळलं. पावसाळा संपेपर्यंत ती जरा बरी झाली आणि मुलीला घेऊन पिंपळखेडला सासरी जाऊन राहिली, नवरा तिथे नसताना.

प्रल्हाद आला दिवाळीनंतर. सकाळी लॅब उघडली तर पायरीवर बसलेला, शेजारी पत्र्याची पेटी. मला इतका आनंद झाला की त्याला बोलूच दिलं नाही. आत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. गोळीचं, रेगे मॅडमचं, वडगावचं, कागदाचं. "इंदूताई तुमच्या घरी आहेत," मी म्हणालो. "वाट बघतायत. तुम्ही खरं बोलत होतात प्रल्हादराव. चूक आमची होती. सरांनाही भेटा, त्यांना तुमची माफी मागायचीय."

तो ऐकत होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. माझं बोलणं संपल्यावर तो पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला.

"घरी नाही गेलो अजून," तो म्हणाला. "पयले इकडं आलो."

"का?"

"मधे तिकडच्या एका कंपाउंडरनं सुई देल्ती. पाच दिवस, रोज. थ्यानं गेलं होतं सारं. जेठ महिन्यापासून बरा होतो." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "आता परत झालं."

मी काचपट्ट्यांचा डबा पुढे ओढला.

"आता गेल्तो जी," तो म्हणाला. "तवा नव्हतो गेलो. आता गेल्तो. दसऱ्याले. सारेच म्हनत होते, गेला म्हून. घरी कोनी नाही, गावात कोनी इचारत नाही. मंग एक दिवस गेलो."

पार्टिशनच्या पलीकडे सर आले होते, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. प्रल्हाद आणखी हळू बोलायला लागला.

"ती कागद घेऊन बसली म्हनता?"

"हो."

"मंग आता तिले काय सांगू म्या?"

"मला विचारू नका," मी म्हणालो. "मी एकदा सांगून बसलोय."

काचपट्टी केली. जंतू होते. प्लेट लावली. सरांनी स्वतः येऊन त्याला इंजेक्शन दिलं. ते माफीचं काहीतरी बोलायला लागले तेव्हा प्रल्हादने हात जोडले आणि मान खाली घातली. ती कशासाठी, हे सरांना कळलं नाही. मी सांगितलं नाही. मी त्याला एवढंच सांगितलं, की आठ दिवस घरी जायचं नाही, आठव्या दिवशी पुन्हा तपासायचं. तो दवाखान्यामागच्या धर्मशाळेत राहिला. त्याचं गाव तिथून एसटीने दीड तासावर होतं. आठव्या दिवशी मी दुसरी प्लेट लावली आणि त्याला आणखी तीन दिवस थांबवून घेतलं. त्या प्लेटवर काहीही वाढलं नाही. "बरा झालात," मी म्हणालो. त्याने पेटी उचलली आणि स्टँडकडे गेला.

त्यानंतर तो दवाखान्यात आला नाही. बायकोला त्याने काय सांगितलं, हे कळायला मला आठ वर्षं लागली.

तोवर देवपुजारी सर निवृत्त झाले होते, परम्यासाठी सिप्रो आमच्याकडे कधीच बंद झाली होती, आणि मी रक्त तपासणीच्या मोठ्या लॅबमध्ये बसत होतो. एक दिवस इंदू समोर आली. मुलीला घेऊन, मुलगी आता बाराएक वर्षांची, सारखी दमते म्हणून रक्त तपासायला. मी इंदूला ओळखलं, तिनेही मला. मुलगी आत रक्त द्यायला गेली तेव्हा ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"बसा ना ताई. कसं चाललंय?"

"बरं हाये. थे आता गावातच गिरनी चालवतात." ती बसली. "एकच पोरगी. मंग काही राह्यलं नाही मले. अकोल्याच्या डाक्टरीन बाई म्हने, नळ्या बंद झाल्या पोटातल्या. थ्या आजारानं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"त्यायनं आल्याबरोबर सांगतलं मले," ती आपणहून म्हणाली. "चपला काढाच्या आधी. आता दसऱ्याले गेल्तो म्हने. घरात येऊ का नको, थे तू सांग."

"मग तुम्ही?"

"म्या म्हटलं, या." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "पयल्या वक्ताले लय रडली होती मी. या वक्ताले रडूच आलं नाही. मले वाटलं, या वक्ताले थे आपल्या मनानं नाही गेले. त्यायले धाडलं. म्या अन् तुमी."

तिच्या आवाजात राग नव्हता. शेजारच्या गावचा रस्ता सांगावा तसं तिने सांगितलं. मुलगी दंडावर कापूस दाबून बाहेर आली आणि आईला चिकटून उभी राहिली.

"रिपोर्ट कधी भेटन, भाऊ?"

"चारला," मी म्हणालो.

दोघी बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. चारला मी रिपोर्ट स्वतः नेऊन दिला, तिच्या शेजारी बसून एकेक ओळ वाचून सांगितली. रक्त कमी होतं. ते कशामुळे, असं तिने विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही ताई, यात तेवढं दिसत नाही, आणि त्या दोघींना डॉक्टरांच्या दारापर्यंत घेऊन गेलो.